वारं कोन्हं शे?

निवडणूक आयोगाच्या यादीत मतदारासमोर मोजक्याच गोष्टी छापलेल्या असतात. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, स्त्री की पुरुष. आमच्या आप्पांकडे त्या यादीची जी झेरॉक्स असते, तिच्या कडेला पेन्सिलीनं आणखी एक रकाना ओढलेला असतो. त्याला मथळा नाही. आत लिहिलेलं असतं: ‘डेअरी’, ‘शिरपूरचे व्याही’, ‘धाकली सून’, ‘कृषी केंद्र’, ‘डॉक्टर’, ‘मामा, पिंपळनेर’. एखाद्या घरासमोर नुसतीच आडवी रेघ. हे घर कुणाचंच ऐकत नाही. तिथं चहा प्यायचा आणि उठायचं.

आप्पा म्हणजे माझे चुलते. आमचं गाव खानदेशात, अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात, बोरी नदीच्या बाजूला. लोकसभा असो, विधानसभा असो की विकास सोसायटी, आप्पा कुणाचं ना कुणाचं काम करतात. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण मधल्या काळात तो बदलला आणि रकाना होता तसाच राहिला. जाहीरनाम्यात काय आहे यावर ते फारसं बोलत नाहीत. त्यांना एवढंच हवं असतं की या घराला कुणी सांगितलं तर पटेल. उमेदवारानं सांगून पटणारी घरं गावात थोडी, असं त्यांचं मत आहे, आणि आप्पांनी स्वतः सांगून पटणारी त्याहून थोडी, हेही ते मान्य करतात.

राज्यशास्त्र शिकताना मला हा रकाना परदेशी पेहरावात भेटला. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत बसले होते. सुमारे सहाशे मतदारांना ते मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटले. रेडिओ आणि वर्तमानपत्रं माणसांची मतं फिरवतात असा तेव्हाचा समज होता. पाहणीत दिसलं की बाजू बदलणारे फारच थोडे, आणि ज्यांनी उशिरा ठरवलं किंवा बदललं त्यांच्यावर रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम जास्त. वर्तमानपत्र वाचणारा एखादाच. बाकीचे त्याला विचारतात, आणि तो जे सांगतो ते घरोघर जातं. ही मधली माणसं सगळ्या थरांत सापडली, फक्त बड्या घरांत नव्हे. आप्पांच्या रकान्यात म्हणूनच ‘सरपंच’ हा शब्द क्वचित दिसतो आणि ‘धाकली सून’ बऱ्याचदा.

पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या दारी माणूस पाठवला, काहींना पत्र, काहींना फोन. दारी गेलेल्या माणसानं मतदान वाढलं, पत्रानं किंचित वाढलं, फोननं काहीच झालं नाही. आपल्याकडे मतदानाच्या आठवड्यात ‘नमस्कार, मी तुमचा लाडका उमेदवार बोलतोय’ अशी ध्वनिमुद्रित विनवणी दिवसातून चारदा कानावर पडते. त्यावर पैसे ओतणाऱ्यांना कुणीतरी हा प्रयोग सांगायला हवा. किंवा नको; तेवढाच आपल्याला ऐन दुपारी करमणुकीचा आधार.

दारी जाण्याची मात्र रीत असते. आल्याआल्या मताचं काढलं तर काम बिघडलं. आधी तब्येत, मग कापूस. कापूस विकला की घरातच आहे, व्यापारी काय भाव सांगून गेला, ओल किती धरली, यावर अर्धा तास सहज जातो, आणि तो अर्धा तास वाया जात नाही. भावाचा राग कुणावर निघतोय हे त्यातच कळतं. मग पोराची नोकरी, पोरीचं स्थळ. मताचा विषय निघतो तो उठताना, एक पाय चपलेत घातल्यावर, जणू आत्ताच आठवलं. आप्पा तेव्हाही सांगत नाहीत, विचारतात. ‘यंदा तुम्हाले काय वाटतं भाऊ?’ समोरचा बोलू लागला की त्याच्या वाक्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं आणि मान डोलवायची. पुढच्या घरी ‘तो असं म्हणत होता’ म्हणून तेच वाक्य त्याच्या नावावर खपवायचं. हे शेवटचं मला कधीच पटलेलं नाही. त्यांना म्हटलं तर म्हणतात, खोटं काय सांगितलं मी? म्हणालाच होता तो.

बायकांमधला प्रचार पुरुषांना दिसत नाही, आणि उमेदवारांना तर नाहीच. लोकसभा बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये येते आणि तेच आपल्याकडे वाळवणाचे दिवस. पहाटे उठून ज्वारीचा घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर बिबडे घालायचे. उडदाचे पापड लाटायला तर गल्लीच जमते. लाटणं हातात असलं की तोंड मोकळं असतं. महिला मेळाव्याला टेम्पोत बसवून नेलेल्या याच बाया तिथं गप्प बसून पाण्याच्या बाटल्या घेऊन परत येतात. इथं कुणाचं अनुदान आलं, कुणाच्या खात्यात पैसे आले नाहीत, कुणाच्या घरकुलाला कुणी किती मागितले, सगळं निघतं. त्यातली एखादी म्हणते, ‘मी तर ठरवलंय बाई.’ कुणाला ते म्हणत नाही. दुसरी विचारत नाही. तासाभरानं निघताना मात्र सगळ्यांना कळलेलं असतं.

२०२४ ची लोकसभा त्या दृष्टीनं खास होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला आली आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मेला. (धुळ्याचं आठवड्यानं, २० मेला.) आखाजीचं महत्त्व खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आपल्याकडे सासुरवाशिणीचा हाच मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरुष पत्ते कुटतात, आणि जुन्या रीतीनं सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) सालही आखाजीपासून धरलं जातं. तर ऐन प्रचार संपायच्या वेळी मतदार याद्यांतल्या तरुण बायकांपैकी बऱ्याच जणी भलत्याच गावात होत्या. मत सासरी, अंग माहेरी. दोन्ही गावच्या कार्यकर्त्यांची धांदल उडाली. सासरहून फोन, ‘वहिनी, सोमवारी सकाळी गाडी पाठवतो.’ माहेरचा भाऊ म्हणतो, राहू द्या की दोन दिवस, वर्षातून एकदा येते.

पण त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, जी कुठल्याही पक्षाला घडवून आणता आली नसती. चोपड्याची, साक्रीची, एरंडोलची, शहाद्याची बातमी एकाच झोक्याखाली आली. आमच्याकडे अमक्याचं जोरात आहे, आमच्याकडे तर त्याला गावात येऊ दिलं नाही, आमच्याकडे पाणीच नाही तर मत कसलं. वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीला जे गावोगाव फिरून जमवावं लागतं ते लेकीबाळी पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या, आणि जाताना इथलं घेऊन गेल्या. मला विचाराल तर त्या वर्षी कुणाची हवा आहे याचा बरा अंदाज फक्त झोक्यांपाशी होता. अर्थात पुरुषांनी तिथं जाऊन विचारायची सोय नाही.

हवेचं असं आहे की ती असतेही आणि करताही येते. ‘वारं कोन्हं शे?’ म्हणजे वारं कुणाचं आहे, हा प्रश्न निवडणुकीत एसटीत, टपरीवर, केस कापताना सतत ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्या माणसाला खरंच उत्तर हवं असतं. आपलं मत वाया जाऊ नये असं त्याला वाटतं. ते तसं जात नसतं, पण त्याला तसं वाटतं, आणि कार्यकर्त्याला एवढं पुरतं. तालुक्याहून सुटणाऱ्या एसटीत दोघं वेगवेगळ्या सीटवर बसतात, ओळख दाखवत नाहीत. एक म्हणतो अमुक येणार. दुसरा जोरात भांडतो, तमुकच येणार, लावतो का पैज? आधीचा हळूहळू नरमतो, शेवटी म्हणतो, तसं आमच्या गावातही आता फिरलंय म्हणा. डब्यातली सगळी माणसं खिडकीबाहेर बघत ऐकत असतात. आपापल्या फाट्यावर उतरली की ती बातमी फुकटात वाहून नेतात. दोघं पुढच्या थांब्यावर उतरून परतीची गाडी धरतात. हल्ली हे व्हॉट्सॲपवर होतं, पण फॉरवर्ड केलेल्या मजकुराला कुणी ‘ऐकलं मी स्वतः’ म्हणत नाही. एसटीतल्या भांडणाला म्हणतात.

हवेच्या पुढची पायरी अफवेची. मतदानाआधीच्या रात्री हमखास उठणारी अफवा म्हणजे ‘तो त बसना.’ म्हणजे उमेदवारानं माघार घेतली, समोरच्याशी जुळवून घेतलं, आता त्याला मत देऊन उपयोग नाही. अपक्ष आणि बंडखोर यांच्यावर हे हत्यार फार चालतं, कारण त्यांच्यापाशी रात्रीतून गावोगाव जाऊन ‘मी उभा आहे’ असं सांगायला माणसं नसतात. सकाळी मतदान सुरू होतं तेव्हा तो बिचारा फोनवर ओरडत असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ करणाऱ्यांना ही रात्र ठाऊक असावी. कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणांची जी जंत्री आहे, तिच्यात उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवण्यासोबत त्याच्या माघारीबद्दल खोटं पसरवणंही स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या आधाराने निवडणूक रद्दही होऊ शकते. मात्र सिद्ध करायचं कसं? ‘कुणी सांगितलं?’ याचं उत्तर नेहमी ‘सगळेच म्हणत होते’ असंच असतं.

त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, जी वाचून मी चकित झालो होतो. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हाही गैरवाजवी प्रभाव, म्हणून भ्रष्ट आचरण. आपल्याकडे बेलभंडार उचलायला लावणं ही जुनी चाल. पाकीट दिलं की तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवायचा, कुलदैवताचं नाव घ्यायला लावायचं, आणि मगच उठायचं. लाच देणाऱ्याला पावती मिळत नाही; शपथ ही त्याची पावती. लाचही गुन्हा आणि शपथही, पण घेणाऱ्याला छळते ती शपथ. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी पैसे परत पाठवले होते ते तत्त्वासाठी नाही. मत आधीच भाच्याच्या माणसाला कबूल केलं होतं, आणि सप्तशृंगीसमोर दोन तोंडांनी जायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या एका घरानं दोन्हीकडून घेतले, दोन्हीकडे शपथ खाल्ली, आणि नंतर गडावर जाऊन नारळ फोडून आले. गावानं याचं जेवढं हसू केलं तेवढा निषेध केला नाही.

कृषी केंद्राच्या उधारीबद्दल मात्र कुणी हसत नाही. जूनमध्ये बियाणं आणि खत उधार, कापूस आला की हिशेब. दुकानदार काही म्हणत नाही. तो फक्त वही उघडतो, बंद करतो आणि म्हणतो, ‘यंदा आपल्या माणसाकडे लक्ष ठेवा भाऊ.’ रकान्यात ‘कृषी केंद्र’ लिहिलेली घरं आप्पांना सगळ्यांत खात्रीची वाटतात. मला ती सगळ्यांत दुःखाची वाटतात. डॉक्टरचं किंवा मामाचं ऐकणं आणि देणेकऱ्यानं सावकाराचं ऐकणं एकाच पेन्सिलीनं लिहिलं जातं, आणि यादीत तो फरक दिसत नाही. यावर आमचं भांडण झालेलं आहे. आप्पांचं म्हणणं, माणूस मामाचं ऐकतो तेही मामानं लग्नात केलेला खर्च आठवूनच. मला ते अजून खोडता आलेलं नाही, पण पटलेलंही नाही.

सातपुड्यातल्या पाड्यांवर हा रकाना आणखी आखूड होतो, असं तिकडं शिक्षक असलेला माझा मित्र सांगतो. अक्कलकुवा हा राज्याच्या विधानसभा यादीतला पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ. तिथल्या काही नर्मदाकाठच्या गावांना मतदानाचं पथक पाण्यातून जातं. तिथं घराघराला जाणं उमेदवाराला जमत नाही, पाड्याच्या कारभाऱ्याशी बोलून परततात. पण कामासाठी गुजरातेत गेलेली पोरं आता परतताना स्वतःचं मत घेऊन येतात, आणि कारभाऱ्याचं बोलणं त्यांना पूर्वीइतकं लागू पडत नाही, असंही तोच सांगतो.

गुजरातेवरून सुरत आली. खानदेशातली किती घरं उधना-लिंबायतच्या चाळींत भरलेली आहेत हे तिकडे गेल्याशिवाय कळत नाही. हे दोन्ही भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात आणि तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, यावरून अंदाज यावा. ज्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत त्यांना आणायला ट्रॅव्हल्स सुटतात. मतदारांना फुकट वाहनानं नेणं हेही त्याच कलम १२३ मध्ये बसतं. म्हणून गाडी ‘लग्नाची’ असते, ‘देवदर्शनाची’ असते, आणि तिथला मुकादम पोरांना सांगतो, आई आठवण काढतेय, जाऊन ये.

इतकं सगळं करून होतं काय? मतदार ‘हो’ म्हणतो. हा माझ्या मते या सगळ्या खेळातला सर्वांत कसबी खेळाडू. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘देखू ना भो’ म्हणजे नाही. ‘तुम्ही सांगतस म्हंजे व्हई जाई’ म्हणजे बहुधा नाही. ‘तुम्हाला सांगायची गरज आहे का?’ याचा अर्थ मात्र आप्पांनाही अजून लागलेला नाही. परिणाम असा की गावात तीन कार्यकर्त्यांच्या तीन याद्या असतात, प्रत्येकात बहुमत असतं, आणि बेरीज केली तर गावात राहतात त्यापेक्षा जास्त मतदार निघतात. ज्यांच्यावर इतके दबाव आहेत त्या माणसांनी हा ‘हो’ घडवला, पिढ्यान् पिढ्या वापरून गुळगुळीत केला. वही उघडून बंद करणाऱ्या दुकानदारालाही तोच ‘हो’ मिळतो.

तरीही कार्यकर्ते थांबत नाहीत, आणि आकडे पाहिले तर त्यांना दोष देता येत नाही. २०२४ ला धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. सहा विधानसभा मतदारसंघांचा तो लोकसभा मतदारसंघ. एकेकाच्या वाट्याला साडेसहाशेही मतं येत नाहीत. १,९१६ माणसांनी बाजू बदलली असती तर खासदार दुसरा असता. त्याच सहांतल्या मालेगाव मध्यमध्ये काही महिन्यांनी झालेल्या विधानसभेचा फैसला १६२ मतांनी झाला. हे आकडे आप्पांना तोंडपाठ आहेत. कुणी ‘तुमच्या फिरण्यानं काय होतं?’ म्हटलं की ते १६२ म्हणतात आणि चपला घालतात.

मतदानाच्या दिवशी जाहीर प्रचार कधीच थांबलेला असतो. मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा-मिरवणुका बंद. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत मत मागणं गुन्हा, आणि पक्षाचं टेबल पूर्वी २०० मीटरच्या पलीकडे असायचं, २०२५ पासून १०० मीटरच्या पलीकडे चालतं. टेबलावर यादी असते आणि खुणा पडत जातात. कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण दिलं की नाही ते कळतं. दुपारी तीननंतर राहिलेल्यांची नावं वाचली जातात आणि कुणीतरी मोटारसायकलवर निघतं. ‘आबा, सगळी गल्ली जाऊन आली, तुम्हीच राहिले.’ २००६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मतदारांना शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मतदान केलं की नाही याची यादीच पोस्टानं पाठवली, आणि मतदान आठेक टक्क्यांनी वाढलं. आबा तर त्याआधीच फेटा बांधत असतात.

निकालानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कोणाचं मत कुणाला हे गुप्त. पण केंद्रनिहाय मतं आयोग प्रसिद्ध करतो, त्या तक्त्याला फॉर्म २० म्हणतात. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजण्याआधी मिसळायची सोय होती. यंत्रं आल्यावर ते मिसळणं गेलं. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण आयोगानं सुचवलं, विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला, अजून ते वापरात नाही. त्यामुळे छोट्या गावाला एकच केंद्र असेल तर अख्ख्या गावानं काय केलं ते निवडून आलेल्याला पक्कं कळतं, आणि पडलेल्यालाही. मग ‘तुमच्या गावानं आम्हाला धरलं नाही’ हे वाक्य पुढची पाच वर्षं रस्त्याच्या, विजेच्या डीपीच्या, तलावाच्या कामाआड येत राहतं.

गेल्या वेळी फॉर्म २० आला तेव्हा आप्पांच्या बेरजेत चाळीसेक मतं कमी भरली. ‘हो’चं गणित धरूनही कमी. रकाना घेऊन ते आधी डेअरीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, माझ्या माणसांनी दिलं. व्याह्यांना फोन केला; त्यांनीही शपथेवर सांगितलं. मग घरी येऊन आमच्या काकूला विचारलं, तू तरी सांग, तुझ्या बिबड्यांच्या बायकांनी काय केलं? काकू धान्य पाखडत होती. ‘मी काय जानू? बटन दाबं नं उनू.’ म्हणजे बटण दाबलं आणि आले. आप्पांनी तिच्या नावासमोर पाहिलं. तिथं कधीच काही लिहिलेलं नव्हतं, घरचंच मत म्हणून. चाळीस मतं कुठली याचा छडा त्यांना आजवर लागलेला नाही, आणि लग्नसराई तोंडावर आली होती, म्हणून त्यांनी विचारणंही सोडून दिलं.